डोक्यावरचा कागद

‘‘खातं मेलेलंच आहे, तुम्ही फक्त दाखला लिहायचाय,’’ असं म्हणून मिहिरसाहेबांनी चिमूटभर खाणं माशांच्या टाकीत टाकलं.

आमच्या बाणेरच्या मुख्य कार्यालयात ती सहा फुटी टाकी होती आणि मिहिरसाहेब, म्हणजे कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर, महत्त्वाचं बोलायचं असलं की तिच्यापाशी उभे राहत. मासे नारिंगी होते. त्यातला सगळ्यात मोठा, सुपाएवढ्या तोंडाचा, माझ्याकडेच बघत होता असं मला वाटलं. मी मात्र साहेबांकडे बघत होते, कारण माझी नोकरी कायम व्हायला अजून चार महिने होते आणि ते पत्र त्यांच्या सहीनं निघायचं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, दुसऱ्या झटक्यात सीए झालेली, आणि मला सगळं कळत होतं. आता नऊ-दहा वर्षं झाली; तेवढं सगळं पुन्हा कधी कळलं नाही.

रेठरेकर कास्टिंग्ज अँड पॉलिमर्स ही आमची कंपनी. शेअर बाजारात नाव होतं, पण ते शोधायला भिंग लागायचं. कारखाना कऱ्हाडजवळ. मोटारींसाठी अॅल्युमिनियमचे सुटे भाग बनवणारं एक खातं. सेन्सरची प्लास्टिकची टोपणं बनवणारं दुसरं. तिथे नऊ कोटींचं जर्मन मशीन होतं आणि मिहिरसाहेब त्याचे फोटो फोनमध्ये बाळगत, लोक मुलांचे बाळगतात तसे. तिसरं खातं म्हणजे वजनखातं. किलो, अर्धा किलो, पाव किलो, दुकानात तराजूच्या पारड्यात ठेवतात ती लोखंडी वजनं. साहेबांचे वडील तात्यासाहेब यांनी अडुसष्ट साली कंपनी काढली ती याच वजनांवर. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर शहरातली गिऱ्हाइकं गेली. आठवडी बाजार, भाजीवाले आणि भंगारवाले राहिले. अकरा कामगार होते. कागदावर वर्षाला दीड कोटीच्या घरात तोटा.

त्या वर्षी हिशेबाची नवी मानकं आली होती. त्यातली दोन मला तोंडपाठ होती. एक असं म्हणतं की एखादी वस्तू वह्यांत दाखवलेल्या किमतीइतके पैसे पुढे कमावणार नसेल, तर किंमत खाली उतरवा. याला इम्पेअरमेंट म्हणतात. दुसरं म्हणतं की कंपनीचा मुख्य माणूस ज्या ज्या धंद्याचे आकडे वेगळे बघून निर्णय घेतो, तो तो धंदा जगालाही वेगळा दाखवा. हे सेगमेंट. तोवर वजनखातं अॅल्युमिनियमच्या पोटात लपवलेलं असायचं. साहेबांचा बेत असा, की ते बाहेर काढून उघडं पाडायचं, त्याच्या भट्टीची किंमत शून्य करायची, आणि मग संचालकांपुढे कागद ठेवून खातं बंद करून जागा विकायची. तात्यासाहेब अजून अध्यक्ष होते आणि वजनखातं बंद करण्याचा विषय काढला की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. पण छापील कागदापुढे ते हरतात, असं साहेबांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, दोन आठवड्यांत करते.

डिसेंबरात मी भट्टी बघायला कऱ्हाडला गेले. खात्याचे फोरमन बाबालाल मुजावर दारातच उभे होते. पन्नाशी उलटलेले, भुवया भट्टीनं जाळलेल्या, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आत तोंड करून सांगितलं, ‘‘आरं, आमच्या मॅडम आल्या.’’ मग मला बसायला स्टूल पुसून दिलं आणि अगदी आस्थेनं विचारलं, ‘‘मासं बरं हायत न्हवं?’’

मी म्हटलं, बरे आहेत. दुसरं काय म्हणणार? वजनाच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन नेमकं करतात आणि त्या शिशावर सरकारी निरीक्षक शिक्का मारतो. तीस वर्षं शिशाच्या वाफेत काढल्यावर माणूस माशांची चौकशी करणारच, असं मी मनात धरलं. चहा आला, तो मी अर्धा ठेवला. कामगारांच्या देखत अर्धा चहा ठेवण्यात काही अधिकारीपण आहे अशी माझी तेव्हा समजूत होती.

भट्टी, साचे, घासायचं मशीन, एक तराजू. सगळं मिळून वह्यांत अडतीस लाख. याद्या करताना बाबालाल एकेक वजन तळहातावर घेऊन बाजूला ठेवत होते. एक मात्र त्यांनी परत पाठवलं आणि म्हणाले, दोन ग्रॅम कमी आहे. मी ते मुद्दाम काट्यावर ठेवायला लावलं. काटा नऊशे अठ्ठ्याण्णववर थांबला. मला त्यांचा राग आला.

खरी अडचण गेस्टहाऊसवर आकडे मांडताना आली. खात्याची विक्री दोन कोटी वीस लाख. त्यातून लोखंड, कोळसा, वीज, अकरा पगार सगळं वजा केलं तरी पस्तीस लाख उरत होते. मग तोटा कुठून येतो म्हणून बघितलं तर शेवटची ओळ होती, मुख्य कार्यालयाचा खर्च, एक कोटी त्र्याऐंशी लाख. पुण्याच्या कार्यालयाचा अख्ख्या वर्षाचा खर्चच तीन कोटी होता. म्हणजे तीन खात्यांपैकी सगळ्यात गरीब खातं शंभरातले एकसष्ट रुपये भरत होतं. मी दोनदा बेरीज केली, मग कॅल्क्युलेटर बदलून केली.

दुसऱ्या दिवशी बाबालालना विचारलं तर त्यांना माझंच नवल वाटलं. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. आत दर महिन्याचा एक, असे दोनपानी कागदांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. ‘‘ह्यो डोक्यावरचा कागद,’’ ते म्हणाले. तात्यासाहेबांचा दंडक होता की ज्याच्या डोक्यावर खर्च टाकायचा त्याला तो दाखवल्याशिवाय टाकायचा नाही. म्हणून हेड ऑफिसच्या खर्चाची यादी प्रत्येक खातेप्रमुखाकडे येई आणि तो सही करून एक प्रत ठेवून घेई. बाकीचे दोन खातेप्रमुख न वाचता सही करत. बाबालाल वाचत, मोठ्यानं, अकरा जणांसमोर.

मी पहिलं पान वाचलं. बाणेरचं भाडं, ६१ टक्के. मिहिरसाहेबांची मोटार, ६१ टक्के. कॉफीचं मशीन, ६१ टक्के. मत्स्यटाकी, देखभाल व खाद्य, ६१ टक्के. दुसरं पान माणसांच्या यादीचं होतं, ते मी उघडलं नाही. मला मासे पुरेसे होते, आणि सव्विसाव्या वर्षी माणूस दुसरं पान वाचत नाही.

‘‘पण एकसष्टच का?’’

‘‘वजनावर,’’ बाबालाल म्हणाले. ‘‘म्हैन्याला जेवढा माल भाईर पडतो त्याचं वजन करायचं, त्या हिशोबानं वाटायचं. आमचा माल जड, म्हून आमचा वाटा मोठा. त्यांची टोपणं, फुकलं तर उडत्यात.’’

‘‘आणि तुम्ही कधी तक्रार केली नाहीत?’’

‘‘तक्रार कशाची? पुण्याचं हापिस आमीच चालवतो की.’’

हे ते अभिमानानं म्हणाले. मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी मानही डोलवली. तोटा लोखंडाच्या भावामुळे होतो असं त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि तो आज ना उद्या भरून निघेल या भरवशावर अकरा माणसं एका काचेच्या टाकीला सांभाळत होती. मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं.

मानक म्हणतं की असा खर्च वाटायचा तर तो वाजवी आणि सातत्यपूर्ण पद्धतीनं वाटा. सातत्य तर अठ्ठेचाळीस वर्षांचं होतं. वाजवीपणाचं विचारू नका. मी विक्रीच्या प्रमाणात पुन्हा वाटून बघितलं. वजनखात्याच्या वाट्याला नऊ टक्के आले आणि खातं आठ लाखांच्या नफ्यात गेलं. ज्याच्या मृत्यूचा दाखला लिहायला मी आले होते ते उठून बसलं. पण खर्च हवेत विरत नाही, तो कुणाच्या तरी डोक्यावर जातोच. तो गेला प्लास्टिकवर, आणि जर्मन मशीनची किंमत तीन कोटी चाळीस लाखांनी खाली उतरवावी लागेल असा हिशेब निघाला. फोनमधल्या फोटोंचं मला वाईट वाटलं. स्वतःचं त्याहून जास्त वाटलं.

आमचे वित्तप्रमुख आठल्येसाहेब यांना मी हे दाखवलं. भले गृहस्थ, बावीस वर्षं कंपनीत, निवृत्तीला दीड वर्ष. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला कळलं की त्यांना हे बावीस वर्षं माहीत आहे. प्लास्टिक नफ्यात दिसलं म्हणून बँकेनं मशीनला कर्ज दिलं, त्यांनी मला समजावलं. आता कशाला उकरायचं? मी म्हटलं, ठीक, पद्धत राहू दे, पण खर्च कशाच्या आधारे वाटला हे अहवालात लिहावंच लागेल, मानकच तसं म्हणतं. आणि मी लिहिलेलं वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं: ‘मुख्य कार्यालयाचा खर्च प्रत्येक खात्याने बनवलेल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात वाटला जातो.’

त्यांनी ते वाचलं आणि उठून दार लोटलं. मग म्हणाले, ‘‘उपाध्ये मॅडम, इथे ‘योग्य आधारावर’ असं लिहा. तुमचं कायम होण्याचं पत्र टाइप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एकतीस मार्चपर्यंत ते तिथेच सुखरूप राहावं असं मला वाटतं.’’

मी ‘योग्य आधारावर’ असं लिहिलं. लाज वाटली का, तर हो, वाटली. पण सांगलीत माझ्या वडिलांनी पेढे वाटले होते आणि माझ्या खोलीचं भाडं बाणेरच्या हिशेबानं होतं. मी असंही मनाला सांगितलं की अकरा माणसांना भरपाई मिळेल.

फेब्रुवारीत संचालकांची बैठक कारखान्यातच होती. आदल्या दिवशी मी भट्टीच्या यादीवर बाबालालची सही घ्यायला गेले, तर खात्यात सुतकी शांतता. विचारलं तर कळलं, हिंदकेसरी आजारी आहे. मला वाटलं कुणी पैलवान असेल. ते त्या सगळ्यात मोठ्या नारिंगी माशाचं नाव होतं. साहेबांचा ड्रायव्हर कऱ्हाडचाच, तो शनिवारी आला की माशांची खबर द्यायचा. अकरा जणांनी न बघितलेल्या सोळा माशांना नावं दिली होती, आणि हिंदकेसरी दोन दिवस खात नाही म्हणून डबे तसेच पडले होते. माझ्या फोनमध्ये टाकीचा एक फोटो होता, वाढदिवसाचा, त्यात पुढे मी केक कापत होते. मी तो दाखवला. सगळे हात पुसून भोवती जमले. मला बाजूला सारून त्यांनी बोटांनी मासा मोठा केला. भट्टीवरचा एक जण म्हणाला, वाटलं होतं त्याहून अंगानं भरलाय. मग बाबालाल म्हणाले, आपल्या खाण्यावर वाढलाय तो.

मी सही न घेताच परत आले.

तात्यासाहेबांची नजर अधू होती, म्हणून बैठकीच्या कागदांची त्यांची एक प्रत वेगळी, मोठ्या टायपात काढायची पद्धत होती. ते काम माझ्याकडे होतं. सकाळी मी सगळ्यांच्या प्रती ‘योग्य आधारावर’ अशा काढल्या. तात्यांच्या प्रतीसाठी मात्र मी जुनी फाइल उघडली, अक्षर मोठं केलं आणि छापायला टाकलं. कुणी विचारलंच तर चुकून झालं म्हणायचं ठरवलं होतं. मी शूर नव्हते, फक्त लबाड होते, पण त्या दिवशी तेवढंच हाताशी होतं.

बैठकीत मिहिरसाहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. वजनखात्याचा लाल खांब जमिनीखाली गेलेला. भट्टीची किंमत शून्य, खातं बंद, जागेला गिऱ्हाईक तयार. ऑडिटर माना डोलवत होते. तात्या ब्याऐंशी वर्षांचे, कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले, हातात भिंग. सगळ्यांना वाटलं लागला डोळा. मलाही वाटलं, आणि अर्धं हायसं वाटलं.

‘‘वजनाच्या प्रमाणात,’’ तात्या म्हणाले. त्यांचं भिंग कागदावर होतं. ‘‘हे काय आहे?’’

आठल्येसाहेबांनी आपली प्रत चाळली. ‘‘तात्या, माझ्या प्रतीत तसं काही नाही.’’

‘‘मग माझीच बरोबर असेल. अक्षर मोठं आहे.’’ त्यांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘हा नियम कुणी केला?’’

सगळे आपापल्या प्रती चाळू लागले. शेवटी मीच म्हटलं, ‘‘तुम्ही, सर. अडुसष्ट साली.’’

‘‘अडुसष्ट साली माझ्याकडे एक भट्टी होती आणि एक सायकल. सायकलीचा खर्च कशावर टाकणार होतो मी?’’ ते आठल्येंकडे वळले. ‘‘आणि तुम्ही अजून तेच करताय?’’

‘‘पद्धत चालत आली होती, तात्या.’’

‘‘तुम्ही सीए आहात का पुजारी?’’

मिहिरसाहेब म्हणाले की बाबांच्या नियमाला हात लावू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं, आदर म्हणून. तात्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, त्या आदराचा आकडा काय येतो? मी सांगितलं, एकसष्ट टक्के. मग विचारलं, नीट वाटला तर? मी आठ लाखांचा नफा सांगितला, आणि आता उडी मारलीच आहे म्हणून जर्मन मशीनचे तीन कोटी चाळीस लाखही सांगितले. ऑडिटरची डुलणारी मान थांबली. मिहिरसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं पत्र ड्रॉवरमध्येच फाटलं असावं.

तात्या मुलाकडे वळले. मला वाटलं, आता ते मुलाला झापतील. तसं काही झालं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘मिहिर, चूक माझी आहे. मी जड मालाला जड ओझं दिलं आणि विसरून गेलो. तू आपलं मशीन खाली उतरव, मी आपला नियम उतरवतो.’’ मग त्यांनी पेन मागितलं आणि मोठ्या टायपातल्या त्या वाक्यावर काट मारली. वजनखातं बंद करण्याचा ठराव मांडलाच गेला नाही.

मार्च संपला तेव्हा मला कायम करण्याचं पत्र आलं नाही, मुदत तीन महिने वाढवल्याचं आलं. त्याचा अर्थ मला कळत होता. मी दुसरीकडे अर्ज केला आणि मे महिन्यात राजीनामा दिला. शेवटचं काम म्हणून नव्या पद्धतीचा पहिला कागद घेऊन मी स्वतः कऱ्हाडला गेले. खरं सांगायचं तर माझं कौतुक होईल अशी मला आशा होती. हारबीर नको, पण निदान चार शब्द.

बाबालालनी कागद घेतला, चष्मा लावला आणि नेहमीसारखा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भाडं, नऊ टक्के. मोटार, नऊ टक्के. टाकीच्या ओळीवर आले तेव्हा आवाज उतरला. भट्टीवरचा तो माणूस उठून बाहेर गेला.

‘‘खातं ऱ्हायलं ते तुमच्यामुळं,’’ ते म्हणाले. ‘‘त्ये इसरायचो न्हाई. पर पोरं जरा नाराज हायत.’’

‘‘का?’’

‘‘हिंदकेसरी आता दुसऱ्यांचा झाला की.’’

त्यांनी पान उलटलं. दुसरं पान. हेड ऑफिसच्या माणसांची नुसती नावं आणि पुढे टक्के. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: उपाध्ये प्रि., लेखाधिकारी, ९. मग पेटीतून त्यांनी मागच्या वर्षीचा एक कागद काढून शेजारी ठेवला. उपाध्ये प्रि., लेखाधिकारी, ६१.

‘‘तुम्ही भट्टी बघाया आलासा तवाच ठावं हुतं, कशापायी आलाय त्ये. डायवरनं सांगितलंतं.’’ ते कागदाकडेच बघत होते. ‘‘पर पगार आमी देत हुतो. म्हणलं, आपलंच माणूस हाय, आज ना उद्या आपल्या बाजूनं बोलंल.’’

माझे डोळे भरून आले. त्या अकरा जणांनी सगळं माहीत असताना महिनोन् महिने मला पगार दिला होता, वर स्टूल पुसून चहा दिला होता, आणि मी तो अर्धा ठेवला होता.

बाबालालनी सही केली, तारीख घातली, आपली प्रत घडी करून पेटीत टाकली. मग किटलीतून चहा ओतून कप माझ्यापुढे सरकवला.

‘‘आता नऊच टक्कं आमच्या ऱ्हायलासा,’’ ते म्हणाले. ‘‘पर चा सगळा घ्या.’’

चहा भयंकर गोड होता. मी सगळा प्यायले.